थेंबाचा मुकुट

पागोळीखाली साचलेल्या पाण्यात थेंब पडतो तेव्हा डोळ्यांना नेमके काय दिसते? एक वर्तुळ, थोडे तुषार, बस्स. बाकीचे चित्र मन पुरे करते. काही वर्षांपूर्वी एका लेखात मी ठोकून दिले होते की, कॅमेरा आला आणि थेंबाचे खरे रूप जगाला कळले. ते विधान अर्धवट होते. आर्थर वर्दिंग्टन या इंग्रज भौतिकशास्त्र-शिक्षकाचे काम नीट वाचल्यावर ते ध्यानात आले.

वर्दिंग्टनचा पहिला निबंध १८७६चा. त्याची रीत अशी : अंधारी खोली, पारा किंवा दूध यांचा थेंब आणि त्याच्याबरोबर सोडलेला एक छोटा गोळा. गोळा ठरलेल्या उंचीवरून खाली आला की विजेची ठिणगी उडे आणि थेंबाची एकच अवस्था डोळ्यांत ठसे. ती विरण्याआधी कागदावर उतरवायची. उंची किंचित बदलायची, नवा थेंब सोडायचा आणि पुढची अवस्था पाहायची. म्हणजे एका थेंबाची म्हणून आपण जी चित्रमाला पाहतो, ती वस्तुतः शेकडो वेगवेगळ्या थेंबांची आहे! त्या चित्रांतले थेंब अतिशय देखणे आहेत. काठावरचे किरण सारख्या अंतरावर, जणू रांगोळीचे ठिपके.

१८९४च्या सुमारास त्याला ठिणगीच्या उजेडात छायाचित्रे घेणे साधले. काचांवर उमटलेले थेंब मात्र वेडेवाकडे होते. कुठे किरण तुटलेला, कुठे काठ एका बाजूला झुकलेला. वर्दिंग्टनचा मोठेपणा पुढे आहे. त्याने कबूल केले की वाकडे थेंब जुन्या चित्रांतही होते, पण अपघाती समजून ते वगळले गेले. वीस वर्षे पुरावा स्वतःच्याच कागदांत पडून होता.

मग ती चित्रे खोटी का? मला तसे म्हणवत नाही. १८८९मध्ये पीटर हेन्री इमर्सन हा छायाचित्रकार आग्रहाने मांडत होता की, छायाचित्राने डोळ्याला दिसते तसे, मध्ये स्पष्ट आणि कडांना धूसर असावे. (दोनेक वर्षांत त्याने स्वतःच ही भूमिका सोडली, तो भाग वेगळा.) ठसा, म्हणजे इम्प्रेशन, टिपण्याचा हा हट्ट कलावंताचा. वर्दिंग्टन तेच करत होता, फक्त आपण मोजमाप करतो आहोत अशा समजुतीने.

आणि कॅमेऱ्याने हा मोह संपवला असेही नाही. अमेरिकेतील एमआयटीच्या हॅरल्ड एजर्टनने स्ट्रोबच्या लखलखाटात टिपलेला दुधाचा मुकुट १९३७ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाच्या छायाचित्र-प्रदर्शनात लागला. पण एजर्टन थांबला नाही. आज सर्वांना ठाऊक असलेला लाल पार्श्वभूमीवरचा रंगीत मुकुट १९५७चा. इतकी वर्षे तो कशामागे होता? माझ्या मते, वर्दिंग्टनने हाताने काढलेल्या त्याच सुडौल थेंबामागे.

गेल्या पावसाळ्यात मी आमच्या पागोळीची मोबाइलवर शंभरेक छायाचित्रे काढली. या लेखासाठी ती शोधायला गेलो, तर तीनच उरली होती. बाकीची मीच पुसली होती. तिन्हींत मुकुट गोल आहे.