सबंध कोंबडी आणि पंगत

चांदवड म्हटलें म्हणजे इतिहासाच्या वाचकास रेणुकेचें देऊळ, होळकरांचा रंगमहाल आणि मागचा डोंगरी किल्ला हीं आठवतात. 1804 सालीं इंग्रजांनीं हा किल्ला घेतला, मागाहून परत दिला, आणि 1818 च्या मंदसोरच्या तहानें तो कायमचा त्यांच्याकडे गेला. परंतु या गांवाचें भाग्य किल्ल्याइतकेंच रस्त्यानेंहि घडविलें आहे. मुंबईहून आग्र्यास जाणारा मोठा रस्ता येथूनच जातो. आणि अशा रस्त्यानें केवळ फौजा व व्यापारी जात नाहींत, जेवणाच्या रीतीहि जातात. सबंध कोंबडी भाजण्याची रीत आज आमच्या मध्यमवर्गीय घरांत येऊं लागली आहे. ती इतके दिवस कां आली नव्हती, हा प्रश्न या रस्त्याच्या कडेला उभें राहूनच विचारण्यासारखा आहे.

भाजण्याची कला आम्हांस अवगत नव्हती, असें म्हणतां येणार नाहीं. सुळावर भाजलेल्या मांसास संस्कृतांत ‘शूल्य’ असा स्वतंत्र शब्दच आहे. कल्याणीच्या चालुक्यांपैकीं तिसऱ्या सोमेश्वरानें इ. स. 1129 च्या सुमारास रचलेल्या ‘मानसोल्लासां’त मांस भाजण्याचे प्रकार तपशिलानें सांगितले आहेत. अबुल फज्लाच्या ‘ऐने-अकबरीं’त मानेकडून हाडें काढून कोंबडी सबंध ठेवण्याचा ‘मुसम्मन’ नांवाचा पदार्थ असून, त्यास लागणारा अर्धा शेर खिमा, अर्धा शेर तूप आणि पांच अंडीं यांची मोजदादहि केलेली आहे. मनुस्मृतीनें ग्रामकुक्कुट निषिद्ध ठरविला, म्हणून कित्येक घरांचा उंबरठा कोंबडीस ओलांडतां आला नाहीं, हें खरें. परंतु ज्या घरांत हा निषेध मानीत नसत, ग्रामदेवतेस कोंबडा देण्याची चाल होती, तेथेंहि तिचे तुकडेच होत. तेव्हां अज्ञान आणि निषेध हीं दोन्हीं कारणें अपुरीं पडतात.

आमच्या मतें खरें कारण पंगतींत शोधिलें पाहिजे. शेतकऱ्याच्या घरीं कोंबडी एक आणि जेवणारे दहा-बारा. तिचे बारीक तुकडे करून, काळा मसाला घालून, भरपूर रस्सा केला म्हणजे प्रत्येकाच्या बाजरीच्या भाकरीस चव येई. मांस थोडें, पण चव सर्वांस मिळे. सबंध भाजलेल्या कोंबडीची गोष्ट निराळी. तिला दोन तंगड्या आणि एक छाती. त्या कोणाच्या ताटांत पडावयाच्या, हें वडीलपणा ठरवितो. सर्वांमागून जेवावयास बसणाऱ्या बायकांच्या वांट्यास मग हाडेंच यावयाचीं. रस्सा असला तर निदान तो तरी उरे. म्हणून रस्सा हा गरिबीचा पदार्थ म्हणून हिणवूं नये. अपुऱ्या अन्नाची त्यांतल्या त्यांत न्याय्य वांटणी करण्याची ती एक युक्ति होती. शिवाय कोंबडी अंड्यांसाठीं पाळावयाची. ती कापावयाची ती बहुधा म्हातारी झाल्यावर. असें चिवट मांस मंद आंचेवर पुष्कळ वेळ शिजल्याखेरीज मऊ होत नाहीं. आणि आमची चूल खालून आंच देते. भाजावयास चोहोंकडून उष्णता लागते.

या रस्त्यावर इंग्रजी अमलांत ठिकठिकाणीं डाकबंगले झाले, आणि पंगतीची जागा एकट्या प्रवाशानें घेतली. यूल व बर्नेल यांच्या 1886 च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशांत डाकबंगल्यांतील कोंबडीस ‘सडन डेथ’, म्हणजे अकस्मात् मृत्यु, हें थट्टेचें नांव नोंदलें आहे. साहेब दारांत येतांच अंगणांतील कोंबडी धरावयाची, आणि त्याचें स्नान व पोषाख उरकतो तोंच ती भाजून मेजावर मांडावयाची! मेल्यानंतर थोड्याच वेळांत स्नायु ताठरूं लागतात व कांहीं तासांनीं सैल पडतात, ही गोष्ट लक्षांत घेतां त्या कोंबडीच्या चिवटपणाचा दोष खानसाम्यास देणें न्यायाचें नव्हे. पाककलेवरचीं पुस्तकें मात्र साहेबांच्या नांवानें निघालीं. कर्नल केनी-हर्बर्ट यांनीं ‘वायव्हर्न’ या टोपणनांवानें लिहिलेलें मद्रासकडील पुस्तक 1878 चें आहे. त्या घरांत भट्टी नसतांना जाड भांड्याच्या झांकणावर निखारे ठेवून मांस भाजणारे हात कोणाचे होते, हें इतिहासानें लिहून ठेवलें नाहीं.

मराठींत लक्ष्मीबाई धुरंधर यांचा ‘गृहिणी-मित्र’ 1910 सालीं निघाला, आणि मांसाहारी पाकक्रियांसहि मराठी गृहिणीच्या पुस्तकांत मान मिळाला. पुढें 1947 च्या फाळणीनंतर पंजाबी निर्वासितांबरोबर तंदुरी कोंबडी दिल्लीस आली आणि कालांतरानें महामार्गांवरील धाब्यांत पसरली. आज जुनीं तिन्हीं कारणें ढिलीं पडलीं आहेत. कुटुंब चौघांचें झालें. बाजारांतली कोंबडी जेमतेम सहा आठवड्यांची, म्हणजे कोंवळी असते. आणि विजेची भट्टी ओट्यावर आली आहे.

ज्यांनीं हा प्रयोग कधींच केला नसेल, त्यांच्यासाठीं चार गोष्टी सांगतों. दीड किलोची कोंबडी कातडीसकट मागावी. आपल्याकडे दुकानदार बहुधा कातडी काढूनच देतो, आणि खरपूसपणा तर तींतच असतो. आदल्या रात्रीं आंतून-बाहेरून मीठ चोळून ती थंड कपाटांत उघडी ठेवावी. ओली कातडी भाजत नाहीं, उकडते. कारण पाणी आटल्यावांचून तिच्यावर तांबूस रंग चढत नाहीं. नंतर लोणी किंवा तेल, मिरपूड व लसूण चोळून 200 अंश सेल्सिअसवर सुमारें सव्वा तास भाजावी. छाती लवकर वाळते आणि मांडी उशिरां शिजते, म्हणून परीक्षा मांडीची घ्यावी. हाडास न टेंकवितां टोंचलेला उष्णतामापक 74 अंश दाखवील तेव्हां ती शिजली असें समजावें. लगेच कापूं नये. पंधरा मिनिटें तशीच राहूं द्यावी, म्हणजे रस ताटांत वाहून जात नाहीं. भट्टी नसेल तर जाड बुडाचें भांडें, घट्ट झांकण आणि वर-खालीं निखारे, ही खानसाम्याची रीत आजहि चालते. आंच मात्र मंद हवी.

आणि कापतांना यजमानानें तंगडी कोणाच्या ताटांत पडते, हें पाहावें. जी दिवसभर चुलीपाशीं उभी होती, तिला ती पहिल्यानें द्यावी. उरलेला सांगाडा टाकूं नये. कांदा, आलें व दोन मिरे घालून तो तासभर उकळावा आणि त्या पाण्याचा दुसऱ्या दिवशीं रस्सा करावा. त्या दिवशीं दारीं चार माणसें अधिक आलीं, तरी भाकरीबरोबर तो सर्वांस पुरतो.