तिंबक्तूची हस्तलिखितं

मालीतल्या तिंबक्तू शहरात अनेक घराण्यांनी पिढ्यानपिढ्या हस्तलिखितं जपली. कुरआन, फिकह, खगोलशास्त्र, औषधं, व्यापाराचे करारसुद्धा. भाषा बहुतेक अरबी. काही सोंघाई, फुलानी, पण लिपी अरबीच. उर्दू वाचणाऱ्या आम्हाला यात नवल वाटत नाही. २०१२ मध्ये सशस्त्र गटांनी शहर घेतलं, वलींचे मजार पाडले. तेव्हा ग्रंथपाल अब्दुल कादिर हैदरा आणि साथीदारांनी पेट्या भरून, गाड्यांतून आणि नायजर नदीतल्या होड्यांतून हजारो हस्तलिखितं गुपचूप राजधानी बमाकोला पोहोचवली. जानेवारी २०१३ मध्ये पळताना त्या गटांनी अहमद बाबा संस्थेतली सुमारे ४,००० हस्तलिखितं जाळली. तेही दीनचं नाव घेऊन! बमाकोच्या दमट हवेत कागद खराब होऊ लागला. ऑगस्ट २०२५ मध्ये पेट्या परत तिंबक्तूला निघाल्या.