तुपाची वाटी आणि साखळी

मंडळी, सेनगावात नामदेवांची गोष्ट मी नव्यानं काय सांगणार? नरसी इथून जवळच. कुत्र्यानं भाकरी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले.

आता थोडं लंडनला जाऊ. १९७८ साली तिथल्या 'क्रफ्ट्स' या श्वानप्रदर्शनात मधला मोकळा वेळ भरायला एक खेळ ठेवला गेला. घोड्यांच्या अडथळा-शर्यतीवर बेतलेला. कल्पना जॉन वार्ली यांची, मांडणी पीटर मीनवेल यांची. १९८० मध्ये केनेल क्लबनं त्याला मान्यता दिली. हीच आजची 'डॉग अ‍ॅजिलिटी'.

तिचा नियम पाहा. कुत्रं मोकळं असतं. त्याला हात लावायचा नाही, खाऊ दाखवायचा नाही. ते उड्या मारतं, बोगद्यातून जातं. मालक आवाजानं, इशाऱ्यानं वाट दाखवत बरोबर धावतो. वाट चुकली तर पुष्कळदा इशाराच चुकलेला असतो. म्हणजे परीक्षा माणसाचीही!

नामदेवांना बक्षीस नको होतं, हा फरक आहेच. पण दोन्हीकडे माणूस कुत्र्यासाठी धावतो.

मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. आमचा मोत्या मात्र अकरा वर्षं फाटकाशी बांधलेला होता. 'राखण करतो' म्हणायचो. त्याच्याबरोबर मी एकदाही धावलो नाही. आता तो नाही, आणि माझे गुडघेही नाहीत. तुमचे आहेत. घरी गेल्यावर साखळी सोडा.