आरोग्यवर्धिनीतली कुटकी

भोसरी-चाकणच्या पट्ट्यात पावसाळ्यात कुणाला कावीळ झाली, की तेलकट बंद होतं, उसाचा रस सुरू होतो आणि शेजारपाजारचं कुणीतरी आरोग्यवर्धिनीचं नाव काढतंच. आज ती यकृताची गोळी म्हणून ओळखली जाते. तिचं मूळ घर मात्र वेगळं. ‘रसरत्नसमुच्चय’ या जुन्या रसग्रंथात (पुण्याच्या आनंदाश्रमाने तो छापला) ती कुष्ठाच्या, म्हणजे त्वचारोगांच्या प्रकरणात येते. पारा, गंधक, लोह-अभ्रक-ताम्र भस्मं, त्रिफळा, शिलाजित, गुग्गुळ, चित्रक आणि या साऱ्यांच्या वजनाइतकी एकटी कुटकी. वर कडुनिंबाच्या पानांच्या रसात खल.

अर्धी गोळी कुटकीचीच, म्हणून संशोधकांनी पुढे तिलाच गाठलं. सह्याद्रीत ती उगवत नाही. हिमालयातल्या उंच थंड उतारांवरून तिची वाळलेली, काळपट, जहर कडू मुळं आपल्याकडे येतात.

काविळीच्या औषधाची परीक्षा अवघड असते. दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुतेकदा आपणहून उतरते आणि श्रेय शेवटच्या औषधाला जातं. गळ्यात काविळीची माळ घालणाऱ्यालाही. त्यामुळे कोणाला औषध आणि कोणाला नुसती तशीच दिसणारी पूड मिळाली, हे रुग्णाला आणि डॉक्टरला, दोघांनाही कळू न देणं भाग असतं. मुंबईच्या संशोधकांनी नेमकं तेच केलं. आरोग्यवर्धिनीची अशी चाचणी 1980 मध्ये प्रसिद्ध झाली. 1996 मध्ये डॉ. अशोक वैद्य आणि सहकाऱ्यांनी नुसत्या कुटकीची मांडली: 375 मिलिग्रॅम पूड दिवसातून 3 वेळा, 2 आठवडे. बिलिरुबिन, म्हणजे काविळीत रक्तात वाढणारं पिवळं द्रव्य, सरासरी 2.5 मिलिग्रॅम टक्क्यांपर्यंत उतरायला कुटकीच्या गटात सुमारे 27 दिवस लागले, दुसऱ्या गटात 76.

फरक मोठा आहे, पण रुग्ण होते अवघे 33. एवढ्यावर मोठा दावा करता येत नाही. आणखी मोठ्या चाचण्या व्हायला हव्यात, असं मात्र मी ठामपणे म्हणेन. आणि हा निकाल कुटकीचा आहे. गोळीतल्या पाऱ्या-तांब्याची हमी तो देत नाही, म्हणून पिवळ्या डोळ्यांनी आधी रक्ततपासणीलाच जावं.

उपटून नेल्याने कुटकी इतकी विरळ झाली, की 1997 मध्ये तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले. टंचाईच्या मालात भेसळीला वाव असतो. कुटकीची कसोटी म्हणजे तिच्यातली पिक्रोसाइड ही द्रव्यं, आणि ती प्रयोगशाळेत मोजता येतात. तो आकडा प्रत्येक डबीवर छापलेला असायला हवा.