जुन्या खेळांतला नवा उजेड

वाशीच्या एपीएमसी मार्केटमधील फळबाजारात एप्रिलच्या एखाद्या पहाटे गेलात, तर प्रकाशशास्त्राचा एक चांगला पाठ तिथे फुकट मिळतो. गाळ्यात वर दिवा असतो आणि खाली हापूसच्या उघडलेल्या पेट्या. पेटीवर ओणव्या झालेल्या माणसाच्या पांढऱ्या सदऱ्याची खालची बाजू पिवळसर दिसते. दिव्याचा थेट उजेड तिथे पोचत नाही; पोचतो तो आंब्यांवर आपटून वर आलेला. रचलेल्या पेट्यांमागचा कोपराही अगदी काळा नसतो. भिंत, छत, जमीन असा फिरत फिरत थोडा उजेड तिथेही जातो.

डोळ्याला हे सहज दिसते. संगणकाला मात्र असे चित्र काढायला शिकवणे फार अवघड गेले. त्याची गोष्ट संगणकावरच्या जुन्या खेळांमधून चांगली समजते, म्हणून ती इथे सांगत आहोत.

१९८० साली टर्नर व्हिटेड या अमेरिकन संशोधकाने एक युक्ती वापरली. प्रकाशाचे किरण दिव्यापासून डोळ्यापर्यंत मोजण्याऐवजी उलट, डोळ्यापासून निघून वस्तूंकडे मोजायचे. जे किरण डोळ्यात येणारच नाहीत त्यांचा हिशेब वाचतो. तरीही दोन चेंडूंच्या एका चित्राला त्या वेळच्या संगणकाने ७४ मिनिटे घेतली. पुढे १९८६ मध्ये जेम्स काजिया यांनी सगळा प्रश्न एका समीकरणात बसवला. एखाद्या बिंदूकडून डोळ्याकडे येणारा प्रकाश म्हणजे त्याने स्वतः दिलेला प्रकाश, अधिक इतर सर्व बिंदूंकडून येऊन तिथून परतलेला प्रकाश. पण त्या इतर बिंदूंचे तरी काय? त्यांचाही हिशेब असाच. म्हणजे उत्तर काढायला आधी उत्तरच हवे. यावर काजियांनी सुचवलेला उपाय आपल्या ओळखीचा आहे: शितावरून भाताची परीक्षा. सगळे मार्ग न मोजता यदृच्छेने काही निवडायचे आणि सरासरी काढायची. शिते कमी घेतली तर चित्र वाळू टाकल्यासारखे ठिपक्याठिपक्यांचे दिसते, एवढाच त्रास.

खेळ बनवणाऱ्यांना एवढी सवड नव्हती. खेळणाऱ्याने कळ दाबली की पुढचे चित्र त्याच क्षणी हवे. १९९२ च्या 'वोल्फेन्स्टाइन थ्रीडी'मध्ये पडद्याच्या प्रत्येक उभ्या रेघेसाठी एकच किरण सोडला जाई, म्हणजे ६४ हजार ठिपक्यांच्या चित्राला जास्तीत जास्त ३२० किरण. त्याच कंपनीने १९९७ मध्ये आणलेल्या 'क्वेक टू'ने आणखी हुशारी केली. भिंतीवरून भिंतीवर जाणारा उजेड खेळ विकायला येण्यापूर्वीच मोजून ठेवला. ही पद्धत १९८४ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात तयार झाली होती आणि तिची मूळ कल्पना उष्णतेच्या प्रारणाच्या अभियांत्रिकीतून उचललेली होती. मोजलेला उजेड मग भिंतींवर कायमचा चिकटवला जाई. त्यामुळे खोली सुंदर दिसे, पण दिवा जागचा हलवला तर त्याची सावली सोबत हलत नसे.

डिसेंबर २००१ मध्ये कंपनीने 'क्वेक टू'ची मूळ आज्ञावली सर्वांसाठी खुली केली. २०१८ मध्ये एनव्हिडिया कंपनीचे नवे चित्रपत्रक बाजारात आले. किरण कोणत्या त्रिकोणावर आदळतो हे शोधण्यासाठी त्यात वेगळे मंडल होते. २०१९ च्या जानेवारीत क्रिस्टोफ शीड या संशोधकाने काजियांची पद्धत त्या जुन्या खेळात बसवून दाखवली, आणि जूनमध्ये एनव्हिडियाने 'क्वेक टू आरटीएक्स' या नावाने तिचा विस्तार प्रसिद्ध केला.

हिशेब करून पाहा. पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २०.७ लाख ठिपके. सेकंदाला ६० चित्रे धरली तर १२.४ कोटी ठिपके. प्रत्येकाला एकच किरण दिला आणि तो चार वेळा आपटला तरी सेकंदाला जवळजवळ ५० कोटी तुकडे मोजायचे. एवढे करूनही शिते कमीच पडतात! म्हणून शेजारच्या ठिपक्यांची आणि आधीच्या चित्रांची मदत घेऊन वाळू पुसून काढावी लागते. खरे कौशल्य या पुसण्यात आहे, असे आमचे मत आहे.

'क्वेक टू' भाग्यवान, कारण त्याची आज्ञावली खुली होती. बाकीच्यांचे काय? २०२३ मध्ये व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने केलेल्या पाहणीत असे दिसले, की अमेरिकेत २०१० पूर्वी निघालेल्या जुन्या खेळांपैकी ८७ टक्के आता बाजारात मिळत नाहीत. आपल्याकडेही १९९९ मध्ये सुरू झालेल्या मुंबईच्या इंडियागेम्ससारख्या कंपन्यांनी बटणांच्या मोबाइल फोनसाठी खेळ बनवले. फोन गेले, त्यांच्याबरोबर ते खेळही नजरेआड झाले.

याउलट उदाहरण नवी मुंबईतच आहे. गेमेशन या इथल्या कंपनीने २०१६ मध्ये 'लुडो किंग' आणला आणि तो कोट्यवधी फोनांवर गेला. लुडो हा इंग्लंडमध्ये १८९६ साली पेटंट घेतलेला खेळ, आणि त्याचे मूळ आपल्या पचिशीत. पचिशीचे नियम कोणाच्या कपाटात बंद नव्हते. आजीकडून नातवाकडे येत राहिले, म्हणून कवड्या गेल्या तरी खेळ पुन्हा घडवता आला. संगणकावरच्या खेळाचे नियम मात्र आज्ञावलीत असतात. ती हरवली की नुसत्या आठवणीवरून खेळ उभा करणे फार कठीण.

मधला एक मार्ग अलीकडे निघाला आहे. एनव्हिडियाचे 'आरटीएक्स रीमिक्स' हे साधन जानेवारी २०२४ पासून सर्वांना वापरून पाहता येते. काही जुने खेळ चित्रपत्रकाला ज्या सूचना देतात, त्या ते वाटेतच पकडते आणि नव्या प्रकाशात चित्र काढते. त्याला मूळ आज्ञावली लागत नाही, म्हणून विस्मृतीत गेलेल्या खेळांनाही आशा आहे. अडचण अशी, की जुन्या चित्रकारांनी विटांच्या फटींतल्या सावल्या हातानेच रंगवलेल्या असतात. त्यांवर खरी सावली पडली की एका विटेला दोन सावल्या! मग चित्रे पुन्हा काढावी लागतात, आणि खेळ मूळचा किती उरला हा वाद सुरू होतो. 'क्वेक टू आरटीएक्स'मध्ये जुने आणि नवे चित्र आलटून पालटून पाहण्याची सोय आहे. प्रत्येक पुनर्निर्मितीत ती असावी असे आम्हांला वाटते. इतिहासाच्या अभ्यासकाला तेवढे पुरते.

कॉर्नेलच्या संशोधकांनी आपले गणित तपासण्यासाठी खराखुरा रंगीत खोका बनवला होता. तो वर्गातही करता येईल. बुटांचा खोका आडवा ठेवून आत पांढरा कागद चिकटवा, एका बाजूला मात्र लाल कागद लावा. वर भोक पाडून विजेरीचा उजेड आत सोडा आणि मध्ये पांढऱ्या खडूंची पेटी ठेवा. तिची लालकडची बाजू कशी दिसते? आता लाल कागदाच्या जागी काळा कागद लावायचा आहे. काय दिसेल ते मुलांना आधी वहीत लिहायला सांगा, मग कागद बदला.