अकित्ति तापसाची कथा कोण सांगतो?

अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले येथे प्रवरेच्या तीरावर अगस्ती ऋषींचा आश्रम आहे. समुद्र प्राशन केल्याची त्यांची पुराणकथा सर्वश्रुत आहे. पालि वाङ्मयात या नावाशी जुळणारा अकित्ति तापस भेटतो. ब्राह्मणवेषाने आलेल्या शक्राला तो सलग तीन दिवस आपले एकमेव अन्न, तेलमिठाविना पाला, देऊन स्वतः उपाशी राहतो. दोघे एकच, असा आमचा दावा नाही. प्रश्न निवेदनाचा आहे.

जातकट्ठकथेत (क्र. ४८०) ही कथा तृतीय पुरुषात आहे. तीत प्रवास आहे, शक्राने दिलेले वर आहेत. आर्यशूराच्या संस्कृत जातकमालेत नायक 'अगस्त्य' होतो आणि शैली अलंकृत गद्यपद्याची बनते. चरियापिटकाच्या आरंभी मात्र स्वतः भगवान बुद्ध 'मी' म्हणून मोजक्या गाथांत ती सांगतात. तेथे वरांचा उल्लेखही नाही. आहे तो दानाचा आनंद आणि बोधीची आकांक्षा.

निवेदक बदलताच कथेचे फळ बदलते. जातकाच्या शेवटी 'तो तापस मीच' असे सांगणारे समोधान हाच दोहोंमधील दुवा होय. मुलांसाठीच्या मराठी पुनर्कथनात ते गाळल्यास उरते केवळ वर देणाऱ्या देवाची अद्भुतकथा. म्हणून समोधान राखावे, असे आम्हांस आग्रहाने सांगावेसे वाटते.