परवानगीचे भाषांतर

एखादी फाइल कोणी वाचावी, या प्रश्नाला बेल प्रयोगशाळेतील युनिक्सने १९७० च्या दशकात फार आटोपशीर उत्तर दिले. मालक, गट आणि इतर असे तीन वर्ग. प्रत्येकाला वाचणे, लिहिणे व चालवणे हे तीन अधिकार. एकूण नऊ बिट. १९८५ च्या सुमारास सन मायक्रोसिस्टिम्सने एनएफएस आणली आणि दूरच्या यंत्रावरील फाइल जवळची भासू लागली. दोन्ही टोकांना युनिक्स होते तोवर या बिटांच्या अर्थाविषयी वाद नव्हता.

१९९३ मध्ये विंडोज एनटी आली. तिच्यात वर्गांऐवजी यादी होती: अमक्याला मुभा, तमक्याला मनाई, आणि ती वरून खाली वाचायची. डिसेंबर २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एनएफएसच्या चौथ्या आवृत्तीने बहुतांशी हाच नमुना उचलला. युनिक्सच्या बाजूनेही पॉझिक्सच्या छत्राखाली यादीचा एक प्रयत्न झाला. सतराव्या मसुद्यानंतर तो मागे घेण्यात आला. गंमत अशी की मागे घेतलेला तो मसुदाच लिनक्सने स्वीकारला.

यादी अधिक समृद्ध, तेव्हा नऊ बिट तिच्यात सहज मावतील असे वाटते. एक उदाहरण पाहा. एखाद्या प्राध्यापिकेने फाइलचा अधिकार ६०४ ठेवला: मालकाला वाचन-लेखन, गटाला काही नाही, इतरांना वाचन. युनिक्स लागू होणारा पहिला वर्ग शोधून तेथेच थांबते. गटातला विद्यार्थी ‘इतर’ ठरत नाही. यादीतल्या ‘सर्वजण’ या नोंदीत मात्र मालक आणि गट दोन्ही येतात. म्हणून क्रम असा लावावा लागतो: मालकाला मुभा, मग गटाला मनाई, मग सर्वांना मुभा. पण विंडोजचा रिवाज मनाईच्या नोंदी आधी लिहिण्याचा आहे. तेथील परवानग्यांच्या खिडकीने हा क्रम ‘सुधारला’, की गटाची मनाई सर्वांत वर जाते. आणि प्राध्यापिका स्वतः त्या गटात असतील, तर त्यांचीच फाइल त्यांना वाचता येत नाही. नोंदी त्याच, एकही शब्द बदललेला नाही.

उलट दिशेचे भाषांतर याहून अवघड. ‘लिहिणे’ आणि ‘शेवटी केवळ भर घालणे’ हा यादीतला भेद तीन अधिकारांच्या साच्यात उतरत नाही. मग चुकायचेच तर कोणत्या बाजूला? परक्याला दार उघडे राहण्यापेक्षा हक्काच्या माणसाला ते बंद राहिलेले बरे, असे मला वाटते. अडलेला माणूस निदान तक्रार तरी करतो. या दृष्टीने १९९५ ची तिसरी आवृत्ती शहाणी म्हणायला हवी. ग्राहक यंत्राने बिटांवरून तर्क करू नये, सर्व्हरलाच विचारावे, अशी सोय तिने केली होती.

२००५ मध्ये सनने झेडएफएसमध्ये चौथ्या आवृत्तीच्या धर्तीची यादीच थेट साठवली. लिनक्ससाठी आंद्रेआस ग्रुएनबाखर यांनी मांडलेली रिचएसीएल मात्र मुख्य गाभ्यात दाखल झाली नाही. यादी मागितली, की तेथील सर्व्हर अजूनही भाषांतरच करतो.